उजवीकडची खुर्ची

अक्का,

काल आपल्या मंडळात तुमची शोकसभा झाली. तुम्हाला ती आवडली नसती, आणि तुम्ही तसं पहिल्या रांगेत बसून मोठ्यानं सांगितलं असतं. फोटोला घातलेला हार फोटोपेक्षा मोठा होता. त्यातून डोकावून तुम्ही कोण कोण उशिरा आलं ते बघताय असं वाटत होतं. अध्यक्षांनी तुम्हाला आधी सेवामूर्ती म्हटलं, मग त्यागमूर्ती, मग वात्सल्यमूर्ती. आणखी एखादी मूर्ती झाली असती तर देवळासाठी वर्गणी काढली असती त्यांनी. शेवटी आवाज खाली आणून ते म्हणाले, "अक्का पूर्णपणे निःस्वार्थी होत्या," आणि सगळ्या सभागृहानं मान डोलावली.

मी डोलावली नाही. मला दोन शब्द बोलायला सांगितलं होतं. घसा बसलाय असं सांगून मी सुटलो आणि नंतर दोन वेळा कॉफी घेतली, तेव्हा ते कुणाला खरं वाटलं नसणार. माझे दोन शब्द त्या हाराखाली बोलण्यासारखे नव्हते. ते इथं लिहितो.

तुम्ही निःस्वार्थी नव्हता. माझ्या बायकोची उजवी बाजू तुम्ही घेतलीत आणि शेवटपर्यंत सोडली नाहीत.

तुम्हाला सगळं ठाऊक आहे, पण हे वाचणाऱ्यांना नाही, म्हणून थोडं सांगावं लागेल. विजू तुमची धाकटी बहीण आणि माझी बायको. हा क्रम तुमचा, माझा नाही. गेल्या दिवाळीनंतर एका सकाळी ती स्वयंपाकघरात पडली. मेंदूच्या उजव्या भागात रक्ताची गुठळी. डावा हात आणि डावा पाय लुळा पडला हे आम्हाला दिसलं. बोलणं शाबूत राहिलं म्हणून आमच्या लेकीनं, रेवतीनं देवाचे आभारही मानले. जे दिसलं नाही ते असं, की विजूच्या जगाची डावी बाजूच नाहीशी झाली होती. डोळे धड होते. पण डावीकडे काही असू शकतं, ही गोष्टच तिच्या मनातून पुसली गेली होती. डॉक्टरांनी त्याचं इंग्रजी नाव सांगितलं. त्याचा साधा अर्थ दुर्लक्ष. पस्तीस वर्षं संसार केलेल्या नवऱ्याला ते निदान ऐकून फारसा धक्का बसत नाही.

तुम्ही राजाजीनगरहून दवाखान्यात आलात तेव्हा विजूपुढं जेवणाचं ताट होतं. उजवीकडची भाजी आणि अर्धा भात तिनं संपवला होता, डावीकडचं सगळं जसंच्या तसं. भात मधोमध कापल्यासारखा उभा होता. "तिला भूकच नाही हो," मी म्हणालो. तुम्ही माझ्याकडे बघितलंसुद्धा नाहीत. ताटाला हात लावलात आणि ते अर्धं फिरवलंत. "अय्यो, अजून भात आहे की," विजू म्हणाली आणि जेवायला लागली.

"भूक आहे," तुम्ही म्हणालात. "ताट नव्हतं."

एका मोठ्या सरकारी इस्पितळात मेट्रन होऊन निवृत्त झालेल्या बाईकडून मी याहून कमी अपेक्षा करायला नको होती. पण त्या क्षणी मला कौतुक वाटलं नाही. मला एवढंच वाटलं, की मी सकाळपासून त्या ताटाशेजारी बसलो होतो आणि ते फिरवायचं मला सुचलं नाही.

घरी आणायचं ठरलं तेव्हा रेवतीनं लॅपटॉपवर तक्ता केला. औषधं निळ्या रंगात, व्यायाम हिरव्या, जेवण पिवळ्या, आणि आम्हा प्रत्येकाला एकेक उभा रकाना. तिच्या ऑफिसात असल्या तक्त्यावर बढती मिळते म्हणे. तुम्ही चष्मा लावून तो शांतपणे वाचलात.

"छान केलंयस गं. यात पलंग कुठंय?"

"पलंग? मावशी, पलंग बेडरूममध्ये आहे."

"तोंड कुठं करून?"

रेवतीनं लॅपटॉप मिटला. तुम्ही दुसऱ्याच दिवशी आमच्या बेळ्ळंदूरच्या इमारतीच्या फाटकावर एक बॅग घेऊन उभ्या राहिलात. तिथल्या वॉचमननं नेहमीप्रमाणं विचारलं, कोणता फ्लॅट, पाहुण्या का, फोनवर परवानगी यायला हवी. तुम्ही त्याला कन्नडमधून सांगितलंत, की मी पाहुणी नाही, चार्ज घ्यायला आलेय. तो बिचारा बाजूला झाला. आम्हाला या इमारतीत राहून सहा वर्षं झाली, अजूनही आमच्यासाठी तो कधी बाजूला झालेला नाही.

कागदावर तुम्ही एक ओळ लिहिली नाहीत. तुमचा आराखडा फर्निचरचा होता. पलंग फिरवून उजवी बाजू भिंतीकडे घेतलीत, भिंत आणि पलंग यांत एक खुर्ची मावेल एवढीच जागा ठेवून. दार, खिडकी, खिडकीतलं तळं, येणारी-जाणारी माणसं, सगळं विजूच्या डावीकडे आलं. पलंगासमोर टीव्ही, त्याच्या डावीकडे कॅलेंडर, त्याच्याही डावीकडे कपाट. पाण्याची बाटली, चष्मा आणि हाक मारायची घंटी मात्र उजव्या हाताशी.

"जीव वाचवायच्या वस्तू दिसतील तिथं ठेवायच्या," तुम्ही मला समजावलंत. "बाकी सगळं तिला शोधायला लावायचं. आता ताट फिरवायचं नाही, दाजी. मान फिरवायची."

मला ते पटलं. अगदी शास्त्रशुद्ध वाटलं. मग तुम्ही दोन खुर्च्या आणल्यात. भिंतीलगतच्या उजवीकडच्या खुर्चीवर स्वतः बसलात आणि डावीकडची माझ्याकडे सरकवलीत. जीव वाचवायच्या वस्तूंत कोण आणि बाकी सगळ्यांत कोण, हे असं ठरलं.

मी इतिहास शिकवत होतो. सीमा कशा आखल्या जातात ते मला ठाऊक आहे. एक बाजू नकाशावर बोट ठेवते आणि दुसरी बाजू त्या वेळी चहा आणायला गेलेली असते.

पहिले काही आठवडे कसे होते ते तुम्हाला तुमच्या खुर्चीतून दिसलं नसेल. माझ्या खुर्चीतून असं दिसायचं. मी विचारायचो, "विजू, चहा घेणार?"

विजू तुमच्याकडे बघून म्हणायची, "घेईन. साखर कमी घाल."

"मी नाही विचारलं, विजी. दाजींनी विचारलं."

"ते कुठंयत?"

"इथंच की. तुझ्या डाव्या अंगाला."

विजू मान वळवायची, आणखी उजवीकडे, पार भिंतीपर्यंत. मग म्हणायची, "कॉलेजात गेले असतील."

मी हाताच्या अंतरावर बसलेलो असायचो आणि कॉलेजात गेलेलो असायचो. तेही निवृत्त होऊन इतकी वर्षं झाल्यावर. तुम्ही हसायचात. तुम्ही हसलात म्हणून विजू हसायची. दोघी बहिणी हसतायत आणि नवरा त्यात कुठंच नाही, हे दृश्य मला नवीन नव्हतं. पण पूर्वी त्यासाठी मला निदान खोलीबाहेर तरी जावं लागायचं.

तिचा डावा हात उशीवर ठेवायचा, लोंबू द्यायचा नाही, खांद्याला धरून कधी ओढायचं नाही, हे तुम्ही मला शिकवलंत. मग मी तो हात हातात घेऊन बसायला लागलो. विजूला तो स्वतःचा वाटतच नव्हता. एकदा तिनं तुम्हाला विचारलं होतं, "हा हात कुणाचा ठेवलाय इथं?" म्हणजे मी कुणाचा हात धरलाय हे तिला ठाऊक नव्हतं, आणि कुणी धरलाय हेही. उजवा हात तुमच्याकडे होता. तो तुमचं बोट दाबायचा, तुमच्या पदराचं टोक गुंडाळायचा, तुम्ही उठायला लागलात की धरून ठेवायचा. मी समोरून ते बघायचो. या वयात माणसाला हेवा वाटू नये असं म्हणतात. म्हणणाऱ्यांना बहुधा मेहुणी नसावी.

लग्नाच्या दिवशीची आठवण तेव्हा मला वारंवार यायची. तुमची आई लवकर गेली. तुम्ही विजूपेक्षा बारा वर्षांनी मोठ्या, तुम्हीच तिला वाढवलंत, स्वतः लग्न केलं नाहीत. पाठवणीच्या वेळी सगळ्या बायका रडत होत्या आणि तुम्ही मला बाजूला घेऊन सूचना देत होता. "तिला वांगं चालत नाही. ताप आला की सांगत नाही, हात लावून बघायचं. रागावली की पाणी द्यायचं, बोलायचं नाही." एका पाळीची नर्स दुसऱ्या पाळीच्या नर्सला पेशंट सोपवते तसं. मला अपमान वाटला होता. मी पदवीधर, प्राध्यापक, आणि ही बाई मला ड्यूटी देतेय. पुढं पस्तीस वर्षं मी त्या सूचनांवर संसार केला. हे तुम्हाला कधी सांगितलं नाही, कारण तुम्ही "सरी" म्हणाला असता. तुमच्या तोंडी सरी म्हणजे "बरं" नव्हे. "मला माहीतच होतं" असा त्याचा अर्थ असायचा.

आणि त्या पस्तीस वर्षांतले रविवार कुणाचे होते? दर रविवारी दुपारी विजू राजाजीनगरला. आम्ही इकडं शहराच्या दुसऱ्या टोकाला राहायला आलो, त्या रस्त्यावर गाड्या उभ्याच असतात, तरी रविवार चुकला नाही. संध्याकाळी ती परत यायची ती हसू पुसत. "काय झालं?" विचारलं की, "काही नाही हो, आमचं आपलं." त्या "आमचं आपलं"मध्ये काय असतं ते मला कधी कळलं नाही. मी किती पुस्तकं वाचली, पण त्या एका प्रकरणाची पानं मला कुणी उघडू दिली नाहीत.

म्हणून एका दुपारी विजू झोपल्यावर मी तुमच्याशी भांडलो. तुम्ही तिच्यासाठी पेज गाळत होता.

"अक्का, आठवड्यातून एक दिवस तरी आपण जागा बदलू."

"वॉर्डात नर्स बदलते, दाजी. पेशंटची बाजू बदलत नाही."

"मग तुम्ही डावीकडे बसा की. तुमच्यासाठी वळेल ती. माझ्यासाठी कशाला वळेल?"

"माझ्यासाठी वळायला मी कधी हरवले होते?" तुम्ही चमचा भांड्यावर आपटलात. "मी तिला न बघताही असते. तुम्ही नाही दिसलात तर ती शोधेल."

"शोधत तर नाहीये. मला कॉलेजात पाठवून मोकळी होते."

"शोधेल हो. घाई काय?"

"तुम्हाला कसली घाई असणार? तुमच्याकडे ती बघतेय."

पेज गाळून झाली, भांडं धुवून झालं. मग माझ्याकडे पाठ करूनच म्हणालात, "पस्तीस वर्षं तुमच्या बाजूला होती, दाजी. आता स्वल्प माझ्या बाजूला असू दे."

आणि भांड्यावर झाकण ठेवून निघून गेलात.

हे तुमचं वाक्य मी त्यानंतर किती वेळा उलटंसुलटं करून बघितलं. मला उजवीकडे न बसू देणं हा उपचार होता की हिशेब? मी घरी येणाऱ्या फिजिओथेरपिस्ट मुलीलाही विचारलं. ती म्हणाली, "अंकल, पेशंटच्या आवडीचं माणूस डावीकडे हवं. अक्का करेक्ट आहेत." म्हणजे शास्त्र तुमच्या बाजूनं होतं. पण शास्त्र आपल्या बाजूनं आहे हे माहीत असलेल्या माणसाला मनातली दुसरी इच्छाही त्याच खुर्चीत बसवता येते. तुम्ही ती बसवलीत. आणि तसं कबूलही केलंत, पाठ करून का होईना. अध्यक्षांना हे ठाऊक नाही. तुमच्या साऱ्या त्यागात मला सगळ्यात खरं वाटलेलं तुमचं वाक्य हेच आहे, आणि मला सगळ्यात जास्त लागलेलंही हेच.

एका वादात मात्र मी जिंकलो, तो इथं नोंदवतो, कारण तुम्ही कुठं नोंदवला नसेल. उन्हाळा सुरू होताना विजू गप्प गप्प झाली. व्यायाम टाळायला लागली. तुम्ही म्हणालात, आळस आहे, शाळेत कवायत चुकवायची तशी चुकवतेय.

"आळस नाही, अक्का. ती रडते."

"माझ्यासमोर एकदाही रडली नाही."

"तुमच्यासमोर कशी रडेल? तुमच्याकडे तोंड असतं तेव्हा ती चेहरा सांभाळते. मी इकडं आहे हे तिला ठाऊकच नसतं. डाव्या डोळ्यातलं पाणी कानापर्यंत जातं, मी रोज पुसतो."

तुम्ही लगेच डॉक्टरांना फोन लावलात. त्यांनी तपासून औषध दिलं. अशा आजारानंतर मन खचणं हाही आजाराचाच भाग असतो, म्हणाले. काही आठवड्यांनी विजू पुन्हा बोलायला लागली. तुम्ही माझं चुकलं म्हणाला नाहीत. पण त्यानंतर रोज दुपारी तुम्ही पलंगाला वळसा घालून माझ्या बाजूला यायचात, वाकून तिचा डावा गाल बघायचात, आणि परत जायचात. घास अडकलाय का ते बघते, असं म्हणायचात. मी तुम्हाला ते म्हणू दिलं.

मान वळायला लागली होती, हेही खरं. तुम्ही स्टेशनं पुकारावीत तशी पुकारायचात. "आज टीव्हीपर्यंत." "आज कॅलेंडर वाचलं." एके दिवशी तर ओरडलातच, "दाजी, कपाटाची मूठ! कपाटाची मूठ बघितली तिनं!" जेवताना ताटातलं डावीकडचं आता ती आपण होऊन शोधायची, फक्त कोशिंबीर राहायची. मी कपाटाच्या पलीकडे होतो. तुम्ही मला सांगायचात, की कपाट झालं म्हणजे पुढं तुम्हीच. मी म्हणायचो, मधे खिडकी आहे, खिडकीत तळं आहे, ती तळ्यापाशीच थांबेल. "तुम्ही फार वाचता," तुम्ही म्हणायचात.

मग राजाजीनगरच्या घराची पाण्याची टाकी गळते म्हणून तुम्ही दोन दिवसांसाठी गेलात. जाताना विजूला म्हणालात, "येते गं, परवा." मला म्हणालात, "खुर्चीत बसू नका." मी म्हटलं, "अक्का, मी काय लहान आहे?" तुम्ही म्हणालात, "म्हणूनच सांगतेय." हे आपलं शेवटचं बोलणं. शेवटची बोलणी थोर असावीत असं काही नसतं, पण आपलं निदान थोडं बरं असायला हवं होतं.

तिथल्या शेजारणीचा फोन दुसऱ्या दिवशी सकाळी आला. झोपेतच गेलात. पुढचं सगळं जे करायचं ते रेवतीनं आणि मी केलं. त्यात सांगण्यासारखं काही नाही, आणि तुम्हाला त्याचं कौतुकही नव्हतं.

विजूला सांगायचं राहिलं होतं. रेवती म्हणाली, "बाबा, आज तरी तिकडून सांग. तिला तू दिसायला हवास." मला पटत होतं. पण पायांना सवय झाली होती, ते मला डावीकडेच घेऊन गेले. मी खुर्चीत बसलो, तो हात हातात घेतला आणि म्हणालो, "विजू, अक्का गेल्या."

विजूनं ऐकलं. तिचा चेहरा बदलला. मग तिनं मान उजवीकडे वळवली आणि भिंतीलगतच्या रिकाम्या खुर्चीला विचारलं, "अक्का, काय म्हणतायत गं हे?"

रेवती खोलीबाहेर गेली. मी पलंगाला वळसा घालून विजूसमोर जाऊन उभा राहिलो आणि पुन्हा सांगितलं. या वेळी ती माझ्याकडे बघत होती. ती रडली. रडताना तिनं मला धरलं, उजव्या हातानं. मला दुःख होतं, अक्का, खोटं नाही सांगत. पण त्या दुःखाच्या आत कुठंतरी एक नीच माणूस बसला होता आणि तो म्हणत होता, उजवा हात.

त्याच माणसानं परवा मला तुमच्या खुर्चीत बसवलं. विजूनं लगेच बघितलं. "अहो, तुम्ही? कधी आलात?"

"आत्ताच."

"वाळलात किती. बसा."

मी बसलो. सकाळभर ती माझ्याशी बोलली. इतक्या महिन्यांत नव्हती बोलली तेवढी. अर्थात सगळं तुमच्याविषयीच. लहानपणी तुम्ही तिची वेणी इतकी घट्ट घालायचात की भुवया वर जायच्या. शाळेच्या स्नेहसंमेलनात ती झाड झाली होती आणि पाहुण्यांच्या भाषणात झाडाला झोप लागली, तेव्हा तुम्ही रंगमंचावर जाऊन झाडाला उचलून घरी आणलंत. भाषण चालूच होतं म्हणे. त्या "आमचं आपलं"ची पानं एकेक करून माझ्यापुढं उघडत होती. मी मनापासून हसलो. ऐकताना माझ्या लक्षात आलं, की मी तुमच्याच जागेवर बसून तुमच्याच गोष्टी ऐकतोय, आणि तरीही मला ही जागा सोडवत नाही.

मग रेवतीनं विजूचं जेवण आणलं. विजू बोलता बोलता जेवली, माझ्याकडेच बघत. ताट उचलायला गेलो तर भाजी आणि अर्धा भात संपला होता. डावीकडचं सगळं जसंच्या तसं. मधोमध कापल्यासारखं.

एका सकाळीत, अक्का. तुम्ही महिनोन्महिने टीव्ही, कॅलेंडर, कपाट करत आणलेली मान मी एका सकाळीत भिंतीला नेऊन लावली. माझा हात ताट फिरवायला पुढं गेला होता. फिरवलं असतं तर ती जेवली असती, मला काही कळलंच नाही असं दाखवता आलं असतं, आणि मी दुसऱ्या दिवशीही तिथं बसलो असतो. मला बसायचं होतं. तिला मी दिसत होतो. उरलेलं आयुष्य अर्ध्या ताटावर काढायला ती तयार होती, आणि खरं सांगायचं तर त्या घटकेला मीही होतो.

मी ताट तसंच ठेवलं आणि उठलो. पलंगाला वळसा घालून डावीकडे येऊन बसलो.

विजू थोडा वेळ रिकाम्या खुर्चीकडे बघत राहिली. "अहो?" तिनं हाक मारली. मग स्वतःशीच म्हणाली, "गेले वाटतं."

"विजू, मी इकडं आहे," मी म्हणालो. तिनं भिंतीकडे बघून मान हलवली.

काल सभा होती. मला उठून त्या सगळ्यांना सांगावंसं वाटलं, की या बाईनं मला महिनोन्महिने ज्या जागी बसवलं तिथं बसायला किती बळ लागतं ते तुमच्यापैकी कुणी बसून बघा. त्याग म्हणायचा तर याला म्हणा. पण हार एकच होता आणि तो तुम्हाला घातलेला होता.

आज सकाळी मी माझ्या जागी होतो. विजूला रेवतीनं उशीला टेकवून बसवलं होतं. तिनं डोळे उघडून आधी खुर्ची बघितली. मग खुर्चीच्या मागची भिंत. मग तिची मान हळूहळू हलायला लागली. तिनं टीव्ही बघितला. कॅलेंडर बघितलं. कपाट बघितलं, वरपासून खालपर्यंत, आत कुणी आहे का ते बघावं तसं. ती खिडकीपाशी आली, तळ्यावर थांबली. वाटलं, संपलं. पण मान पुन्हा हलली. मानेची शीर ताणली गेली, ओठ एका बाजूला ओढले गेले, आणि तिचे डोळे माझ्या खांद्यावर आले, मग माझ्या हातावर, माझ्या हातातल्या तिच्या हातावर, आणि मग माझ्या तोंडावर.

दिवाळीपासून मी त्या नजरेची वाट बघत होतो.

"इकडं पण नाही," विजू म्हणाली.

मला आधी कळलंच नाही. मग कळलं. ती तुम्हाला शोधत होती. उजवीकडे तुम्ही कुठं सापडला नाहीत, तेव्हा जिथं काहीच नसतं अशा बाजूलाही तिनं बघून घेतलं. तुम्ही म्हणाला होता, ती शोधेल. कुणाला, ते मात्र तुमचं चुकलं.

"नाही," मी म्हणालो. "इकडं मी आहे."

ती बराच वेळ माझ्याकडे बघत राहिली, नजर न काढता. एवढा वेळ तर तिनं लग्नातही बघितलं नव्हतं.

"बरं," ती म्हणाली. "मग तुम्हीच बसा."